विश्लेषण : ‘जुन्या संगणकावरही चालते’ हे ठरवते कोण?

‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा थांबल्यापासून जुन्या संगणकांसाठी हलक्या लिनक्सचा पर्याय पुन्हा चर्चेत आला आहे. ‘दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवरही सहज चालते’, असे या प्रणालींबद्दल सांगितले जाते. पण हे आधी कोणी तपासलेले असते का? तपासलेले असते. बहुतेक वेळा ते काम कोणत्याही पगाराशिवाय, स्वत:च्या घरातल्या जुन्या यंत्रांवर स्वयंसेवक करतात. हे काम चालते कसे, आणि ते थांबले तर काय होते?

हा विषय आत्ताच का?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. पण सुरक्षेतील त्रुटी बुजवणारी नेहमीची मोफत अपडेट थांबली. घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर आणखी वर्षभराची मुदत मिळाली, इतकेच. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीतला प्रोसेसर लागतो. यातली एखादी अट पूर्ण न करणारे, पण एरवी ठणठणीत असलेले संगणक जगभर मोठ्या संख्येने आहेत. अशा सुमारे २४ कोटी संगणकांचा कचरा होऊ शकतो, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये मांडला होता.

यावर उपाय म्हणून लिनक्स वापरा, असा सल्ला दिला जातो. ‘एंड ऑफ १०’ नावाची मोहीमही त्यासाठी सुरू झाली. सल्ला चांगला आहे; पण तो ऐकणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच लिनक्स बसवणार असतो, आणि ज्या लॅपटॉपवर तो बसवणार त्यातच त्याचे फोटो, हिशेब आणि मुलांचा अभ्यास असतो. त्याच्यासाठी इन्स्टॉलेशनचा अर्धा तास हा साऱ्या व्यवहारातला सर्वांत धोक्याचा. म्हणूनच ती फाइल त्याच्या हातात पडण्याआधी कोणी तरी तपासलेली असणे महत्त्वाचे ठरते.

‘हलके’ लिनक्स म्हणजे नेमके काय?

लिनक्स हे मुळात कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे नाव. त्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, इन्स्टॉलर वगैरे गोष्टी जोडून जी तयार प्रणाली मिळते तिला ‘डिस्ट्रो’ म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही त्यातली परिचित नावे. दोन डिस्ट्रोंचा गाभा जवळपास सारखा असू शकतो. वजनात फरक पडतो तो मुख्यत: डेस्कटॉपमुळे. उबुंटूचा मुख्य डेस्कटॉप ‘नोम’ आहे. तोच पाया घेऊन लुबुंटू ‘एलएक्सक्यूटी’ हा हलका डेस्कटॉप देते, तर झुबुंटू ‘एक्सएफसीई’ देते. ‘अँटिएक्स’सारखी डिस्ट्रो संपूर्ण डेस्कटॉपऐवजी ‘आइसडब्ल्यूएम’ हा छोटा विंडो मॅनेजर वापरून आणखी काटकसर करते.

मात्र ‘हलके’ हा शब्द सापेक्ष आहे. प्रणाली सुरू झाल्यावर किती रॅम खाते, हा आकडा जाहिरातीत चांगला दिसतो. वापरकर्ता पुढच्या मिनिटाला ब्राउझर उघडतो आणि तीन-चार टॅबमध्ये सगळी बचत संपते. लुबुंटूच्या जुन्या मार्गदर्शनात म्हणूनच दोन वेगळे आकडे दिले जात : ऑफिसची कामे आणि साधे ब्राउझिंग यासाठी ५१२ एमबी, तर यूट्यूब-फेसबुकसारख्या संकेतस्थळांसाठी १ जीबी रॅम. आजच्या संकेतस्थळांसाठी हेही पुरत नाही. जुन्या यंत्रावर चाचणी घेणारा स्वयंसेवक म्हणूनच केवळ ‘चालू झाले’ यावर थांबत नाही. त्यावर रोजचे काम होते का, हेही पाहतो.

आयएसओ इमेज तपासावी का लागते?

लिनक्स डाउनलोड करताना मिळणारी ‘.आयएसओ’ फाइल म्हणजे अख्ख्या इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाइलमध्ये बांधलेली प्रत. पूर्वी ती सीडीवर उतरवत, आता पेन ड्राइव्हवर. एके काळी ही इमेज ७०० एमबीच्या सीडीत मावते का, हीदेखील एक तपासणीच होती. उबुंटूने ती मर्यादा २०१२च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून सोडली. आज अशा फाइल काही जीबींच्या असतात. म्हणजेच जुना संगणक वाचवू पाहणाऱ्यालाही चांगले इंटरनेट आणि पुरेसा मोठा पेन ड्राइव्ह लागतोच.

या फाइलमध्ये हजारो पॅकेजेस असतात आणि ती वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असतात. प्रत्येक पॅकेज सुटे नीट चालत असले तरी एकत्र बांधल्यावर चालेलच असे नाही. कर्नल बदलला की जुने वायफाय कार्ड दिसेनासे होते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की पडदा काळा राहतो. इन्स्टॉलरमधील छोट्याशा चुकीने नव्या विभाजनाऐवजी जुनेच पुसले जाऊ शकते. शिवाय प्रसिद्ध झालेली आयएसओ फाइल मोबाइल अ‍ॅपसारखी जागच्या जागी दुरुस्त होत नाही. नवी इमेज तयार करून जुनी मागे घ्यावी लागते. तोवर कित्येकांनी ती उतरवून घेतलेली असते आणि मित्रांनाही दिलेली असते.

चाचणी होते कशी?

उबुंटू आणि तिच्या भावंडांचे उदाहरण घेऊ. उबुंटूची नवी आवृत्ती दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती दीर्घकाळ पाठिंब्याची, म्हणजे ‘एलटीएस’ असते. त्याआधीच्या महिन्यांत जवळपास रोज नवी इमेज आपोआप तयार होते. मुख्य उबुंटूमागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. लुबुंटू, झुबुंटू यांसारख्या ‘फ्लेवर्स’चा भार मात्र बराचसा स्वयंसेवकांवर असतो. लुबुंटूला २०११ मध्ये अधिकृत फ्लेवरचा दर्जा मिळाला, तोही अशाच स्वयंसेवकांच्या बळावर.

या इमेजच्या चाचण्यांसाठी ‘आयएसओ ट्रॅकर’ नावाची एक सार्वजनिक नोंदवही आहे. प्रत्येक फ्लेवरपुढे चाचण्यांची यादी असते : इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहणे, संपूर्ण डिस्क वापरून इन्स्टॉल करणे, विभाजने स्वत: ठरवून इन्स्टॉल करणे, आधीच्या प्रणालीशेजारी जागा करून इन्स्टॉल करणे वगैरे. काही चाचण्या अनिवार्य असतात, काही ऐच्छिक. स्वयंसेवक आपल्या नावाने खाते उघडतो, चाचणी पार पाडतो आणि ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ अशी नोंद करतो. काही बिघडले असेल तर त्रुटीचा क्रमांक जोडतो.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणे वाटावे इतके शिस्तीचे असते. आधी फाइल उतरवायची. रोज अख्खी फाइल उतरवायला लागू नये म्हणून ‘झेडसिंक’ नावाचे साधन वापरतात. ते कालच्या इमेजशी तुलना करून फक्त बदललेला भाग आणते. मग ‘चेकसम’ जुळवून फाइल अखंड आली आहे का, हे पाहायचे. पेन ड्राइव्ह तयार करायचा. जुना संगणक त्यावरून चालू करायचा. काही यंत्रे इतकी जुनी असतात की त्यांना पेन ड्राइव्हवरून चालू होणे माहीतच नसते. त्यांच्यासाठी डीव्हीडी शोधावी लागते.

त्यानंतर खरी तपासणी. पडद्याचे रिझोल्यूशन बरोबर आहे का? वायफाय दिसते का? आवाज येतो का? निवडलेली भाषा आणि कीबोर्ड इन्स्टॉलनंतर तसेच राहिले का? लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर तो जागा होतो का? शेजारची विंडोज अजून सुरू होते का? नव्या एसएसडीवर काही मिनिटांत आटोपणारे हे काम जुन्या हार्ड डिस्कवर संध्याकाळ खाऊन टाकते. आणि एका संध्याकाळी जेमतेम एक-दोन ओळी भरल्या जातात.

या नोंदींतला एक बारकावा महत्त्वाचा आहे. ‘काहीही बिघडले नाही’ ही नोंददेखील तितकीच मोलाची असते. कारण कोणतीही तक्रार नसण्याचे दोन अर्थ निघतात : सगळे ठीक आहे किंवा कोणी तपासलेच नाही. ‘उत्तीर्ण’ अशी नोंद असेल तरच या दोन्हींतला फरक कळतो.

शेवटच्या आठवड्यात काय घडते?

उबुंटूची आवृत्ती नेहमी गुरुवारी प्रसिद्ध होते. त्याआधीच्या आठवड्यात ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे अंतिम ठरू शकेल अशी इमेज चाचणीसाठी येते. तोवर रेंगाळलेले स्वयंसेवकही या आठवड्यात कामाला लागतात. यादी हळूहळू भरत जाते. आणि नेमके तेव्हाच कोणाला तरी गंभीर त्रुटी सापडते.

त्रुटी दुरुस्त होते, नवी इमेज बांधली जाते. याला ‘रिस्पिन’ म्हणतात. यात अडचण अशी की इमेज बदलली की ट्रॅकरवरचा तक्ता पुन्हा कोरा होतो. आधीच्या इमेजवरचे निकाल नव्या इमेजला लागू धरता येत नाहीत. एका ठिकाणच्या दुरुस्तीने दुसरीकडे काय हलले हे माहीत नसते. म्हणून अनिवार्य चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी रिस्पिन झाला तर हाताशी एक रात्र उरते. त्या रात्री जगाच्या वेगवेगळ्या वेळपट्ट्यांतले दहा-पंधरा लोक मोकळे आहेत की नाहीत, यावर एखाद्या फ्लेवरची वेळ पाळली जाणे अवलंबून असू शकते.

डेबियनची पद्धत थोडी वेगळी आहे. तेथे ठरलेली तारीख नसते. ‘तयार झाल्यावर’ आवृत्ती येते. मात्र प्रसिद्धीच्या दिवशी तयार झालेल्या इमेज स्वयंसेवक वाटून घेतात, कोणी कोणती चाचणी घेतली याचा तक्ता भरतात, आणि त्यानंतरच त्या डाउनलोडसाठी खुल्या होतात. फेडोराकडे प्रसिद्धीचे लेखी निकष आहेत आणि ‘जायचे की थांबायचे’ हे ठरवणारी बैठक असते. रीत वेगळी, मुद्दा एकच : कोणी तरी प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय फाइल लोकांच्या हाती द्यायची नाही.

हे काम यंत्रेच करू शकत नाहीत का?

पुष्कळसे करतात. ओपनसुसे प्रकल्पातून आलेली ‘ओपनक्यूए’ ही यंत्रणा संगणकातल्या आभासी संगणकावर इमेज चालू करते, बटणे दाबते, पडद्याची छायाचित्रे आधीच्या छायाचित्रांशी जुळवते. फेडोराही ती वापरते. या स्वयंचलित चाचण्या दिवसातून कितीही वेळा होऊ शकतात आणि माणसाला कंटाळा येईल ती गोष्ट त्या न चुकता करतात.

पण आभासी संगणक हा आदर्श विद्यार्थी असतो. त्याचे ग्राफिक्स कार्ड ठरलेले, नेटवर्क कार्ड ठरलेले, बायोस नीट लिहिलेला. खरा जुना लॅपटॉप तसा नसतो. त्याच्या बायोसमध्ये निर्मात्याने ठेवलेल्या चुका असतात, बॅटरी थकलेली असते, वायफायची चिप आता कोणी बनवत नाही. दोन घटना हा फरक दाखवतात.

पहिली २००८ मधली. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीवर काम सुरू असताना इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची स्मृतीच खराब होऊ लागली. संगणक पुन्हा चालू करूनही कार्ड परत येत नव्हते. ही बाब अंतिम आवृत्तीआधी चाचणी-आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या यंत्रांवर उघड झाली. उबुंटूसह अनेक डिस्ट्रोंनी तो ड्रायव्हर तात्पुरता बंद केला. मूळ कारण सापडायला काही आठवडे लागले, पण उबुंटू ८.१० लोकांपर्यंत पोहोचली तेव्हा धोका टळलेला होता. काही थोड्या लोकांच्या कार्डांनी किंमत मोजली आणि बाकीच्यांची वाचली.

दुसरी घटना उलट वळणाची. उबुंटू १७.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर काही लॅपटॉपवर, त्यातही मुख्यत: लेनोवोच्या ठरावीक मॉडेलांवर, बायोसमधील बदल साठवलेच जाईनासे झाले. काहींना तर पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करणेही अशक्य झाले. दोष ‘इंटेल-एसपीआय’ नावाच्या एका ड्रायव्हरकडे निघाला. डिसेंबरमध्ये डाउनलोडची सोय काढून घ्यावी लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त इमेज आली. आभासी संगणकात हा दोष दिसणे शक्यच नव्हते, कारण तेथे बिघडण्याजोगी खरी बायोस चिपच नसते. तो सापडायला नेमकी ती मॉडेले असलेले लोक चाचणीत हवे होते.

पेंटियम एमचे प्रकरण काय होते?

जुन्या यंत्रांवरची चाचणी केवळ त्रुटी शोधण्यासाठी नसते. कधी कधी ती बाद ठरवलेले यंत्र परत मिळवून देते. ३२ बिट प्रोसेसरना ४ जीबीपलीकडची रॅम वापरता यावी यासाठी ‘पीएई’ नावाची सोय आहे. उबुंटूने ऑक्टोबर २०१२ मधील १२.१० या आवृत्तीपासून पीएई नसलेल्या प्रोसेसरसाठीचा कर्नल बंद केला. त्यानंतर पेंटियम एम प्रोसेसरच्या असंख्य लॅपटॉपवर इन्स्टॉलर सुरू होताच संदेश येऊ लागला : या प्रोसेसरमध्ये पीएई नाही. मामला तिथेच संपायचा.

गंमत अशी की २००३च्या सुमाराच्या त्या पेंटियम एम चिपमध्ये पीएई होते. चिप फक्त तसे सांगत नव्हती. ‘तुझ्याकडे ही सोय आहे का?’ या कर्नलच्या प्रश्नाला ती ‘नाही’ असे उत्तर देत होती. जुने लॅपटॉप न टाकून दिलेल्या लोकांनी खटपटी करून ही तपासणी चुकवली, आणि प्रणाली व्यवस्थित चालते हे दाखवून दिले. एप्रिल २०१४च्या १४.०४ आवृत्तीत ‘फोर्सपीएई’ हा अधिकृत पर्याय आला. संगणक चालू करताना हा एक शब्द लिहिला की काम होऊ लागले. पुढे मूळ लिनक्स कर्नलनेही तो स्वीकारला. कागदावर बाद ठरलेली यंत्रे अशी काही वर्षे आणखी कामात राहिली. ज्यांच्या टेबलावर ती यंत्रे होती त्यांनी हट्ट धरला नसता, तर चिपचे उत्तर खोटे आहे हे कोणी तपासलेही नसते.

मग ३२ बिट संगणकांचा पाठिंबा का गेला?

याचे एक उत्तर तंत्रज्ञानात आहे : नवे प्रोसेसर ६४ बिट झाले, कंपन्यांनी ३२ बिट सॉफ्टवेअर बनवणे थांबवले. गुगलने ३२ बिट लिनक्ससाठीचे क्रोम मार्च २०१६ मध्येच बंद केले. फायरफॉक्सनेही १४५व्या आवृत्तीपासून ते थांबवले. ब्राउझर नसेल तर संगणक चालू होऊन उपयोग किती?

दुसरे उत्तर माणसांच्या संख्येत आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. फेडोराचे उदाहरण बोलके आहे. तेथे ३२ बिट कर्नल आधी ‘समुदायाने सांभाळायचा’ या वर्गात गेला. त्यासाठी स्वयंसेवकांचा गट बनला, पण तो पुरेसा सक्रिय राहिला नाही. अखेर २०१९ मध्ये फेडोरा ३१ पासून तो कर्नल आणि त्याच्या इमेज बंद झाल्या. त्या वेळच्या प्रस्तावात दिलेल्या कारणांत एक कारण स्पष्ट होते : या कर्नलची चाचणीच फार कमी होते, त्यामुळे दोष साचत जातात. लुबुंटूने डिसेंबर २०१८ मध्ये ३२ बिट इमेज १९.०४ पासून न काढण्याचे जाहीर केले. झुबुंटूनेही तेच केले. शेवटची ३२ बिट एलटीएस, म्हणजे १८.०४ची लुबुंटू, एप्रिल २०२१ पर्यंत सांभाळली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी ना कर्नल आहे, ना इन्स्टॉलर.

जुन्या यंत्रांचा पाठिंबा एका फटक्यात जात नाही. आधी ती यंत्रे कपाटात जातात, मग त्यांच्यावरच्या नोंदी कमी होतात, मग एखादी त्रुटी महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटी कोणी तरी विचारते की हे चालते याची खात्री कोण देणार? त्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस नसेल, तर पाठिंबा काढून घेणे हाच प्रामाणिक निर्णय उरतो.

मराठीचा याच्याशी काय संबंध?

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते. पण देवनागरीची जोडाक्षरे नीट दाखवायला ग्राफिकल इन्स्टॉलर लागतो. साध्या मजकुरी इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय मिळत नाही. संगणकाची रॅम फारच कमी असेल तर इन्स्टॉलर ‘कमी स्मृती’च्या पद्धतीत जातो आणि जागा वाचवण्यासाठी भाषांतरे वगळून इंग्रजीतच चालतो. म्हणजे ज्याला मराठीची सर्वाधिक गरज असू शकते, त्याच्याच जुन्या यंत्रावर ती आधी गळते.

लिनक्सवर मराठी दिसते यामागेही इथलेच हात आहेत. अनेक डिस्ट्रोंमध्ये आढळणाऱ्या ‘लोहित’ या मुक्त फॉन्टमालिकेचे मूळ पुण्यात आहे. पण फॉन्ट असणे आणि नव्या इमेजमध्ये तो बरोबर दिसणे यात अंतर आहे. ‘ऱ्या’, ‘ल’, ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात का, इनस्क्रिप्ट कीबोर्ड इन्स्टॉलनंतर टिकतो का, तारीख आणि महिन्यांची नावे बरोबर येतात का, हे परक्या भाषकाला तपासता येणार नाही. त्याला चूक दिसणारच नाही. ही चाचणी मराठी वाचणाऱ्यानेच घ्यायला हवी, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

जुन्या संगणकावर लिनक्स बसवायचे असेल तर आधी प्रोसेसरचे नाव पाहावे. संगणकात ३२ बिट विंडोज आहे म्हणजे प्रोसेसरही ३२ बिट आहे, असे नाही. २००६ पासून आलेले कोअर २ डुओ प्रोसेसर ६४ बिट आहेत. त्यांच्यावर ६४ बिट लिनक्स चालू शकते. हार्ड डिस्क बदलून साधी एसएसडी बसवली तर फरक अनेकदा डिस्ट्रो बदलण्याहून मोठा जाणवतो.

महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते हे पाहून घ्यावे. एलटीएस किंवा स्थिर आवृत्तीच निवडावी. फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि चेकसम जुळवावा. थेट इन्स्टॉल न करता आधी पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासावेत. हीच खरे तर चाचणीतली पहिली पायरी आहे.

घरात वापरात नसलेला जास्तीचा संगणक असेल तर पुढची पायरीही गाठता येते. त्यावर चाचणीसाठी आलेली इमेज बसवून पाहावी आणि निकाल नोंदवावा. चांगल्या नोंदीत यंत्राचे मॉडेल, प्रोसेसर, रॅम, इमेजची तारीख, नेमके काय केले आणि काय दिसले एवढे असते. ‘चालत नाही’ या दोन शब्दांनी विकासकाला काही कळत नाही. ‘अमुक मॉडेलवर झोपेतून जागा झाल्यावर पडदा काळा राहतो, कालच्या इमेजमध्ये राहत नव्हता’ या एका वाक्याने पुष्कळ कळते. मात्र चाचणीची आवृत्ती रोजच्या कामाच्या संगणकावर कधीही बसवू नये.

पुढे काय?

जी रेषा ३२ बिटवर ओढली गेली ती आता ६४ बिटच्या पहिल्या पिढ्यांकडे सरकत आहे. ६४ बिट प्रोसेसरचेही क्षमतेनुसार स्तर ठरले आहेत. रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्सने २०२२ मध्ये दुसरा आणि २०२५ मध्ये तिसरा स्तर किमान अट म्हणून ठेवला. ओपनसुसे लीप १६ साठीही दुसरा स्तर लागतो. कोअर २ डुओ या दुसऱ्या स्तरातही बसत नाही. उबुंटू आणि डेबियन अजून मूळ स्तर सांभाळतात. ते किती काळ सांभाळतील, हे केवळ अभियंत्यांच्या मर्जीवर ठरणार नाही. त्या यंत्रांवर दर एप्रिल-ऑक्टोबरला किती जण पेन ड्राइव्ह लावून बसतात, तक्त्यात किती ओळी भरतात, यावरही ते ठरेल.

‘विंडोज १०’नंतर हलक्या लिनक्सकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली, तरी चाचणी घेणाऱ्यांची संख्या आपोआप वाढत नाही. फुकट मिळणाऱ्या प्रणालीची किंमत कोणी तरी आपल्या वेळेने चुकती करत असते. नव्याने आलेल्यांपैकी थोड्यांनी जरी आपल्या यंत्राची एक नोंद केली, तर त्या मॉडेलच्या पुढच्या वापरकर्त्याला ‘जुन्या संगणकावरही चालते’ या वाक्यावर जरा अधिक विसंबून राहता येईल.